शकूताईंचा उजवा पाय

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं सामान अजून ट्रकमधून उतरत होतं. लोखंडी कपाट दारात अडकलं होतं आणि आमचे हे हमालांना हिंदीत काहीतरी समजावत होते. ते हिंदी हमालांना कळत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधून एक ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या बाई चहाची किटली घेऊन आमच्या फाटकात आल्या. किटली मांडीएवढ्या उंच कट्ट्यावर ठेवली आणि मला विचारलं,

“पत्ते येतात का खेळता?”

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

“मेंढीकोट,” त्या म्हणाल्या. “आमची सेनगुप्ता गेली बदली होऊन. तिघींत काय डोंबल खेळणार?”

“येतो थोडाथोडा.”

“थोडाथोडा म्हणजे येत नाही. शिकवते मी. चहा घ्या आधी.”

या शकूताई वझलवार. त्या दिवसापासून मी त्यांची भिडू झाले ती जवळजवळ तीस वर्षं. मी माहेरची अमरावतीची, म्हणून त्यांनी माझं नावच ‘अमरावती’ ठेवलं. माझं खरं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं असेल तर मला आठवत नाही.

दुपारचा भोंगा झाला, जेवायला आलेले पुरुष सायकली मारत कारखान्यात परत गेले, की शकूताईंच्या व्हरांड्यात सतरंजी पडायची. आम्ही दोघी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सूद आंटी आणि कुरियन आंटी. सूद आंटी पंजाबी, आवाजाने मोठ्या, आणि याच खेळाला ‘दहला पकड’ म्हणायच्या. कुरियन आंटी केरळच्या, टाउनशिपच्या दवाखान्यात नर्स; सकाळची पाळी संपवून युनिफॉर्मवरच खेळायला बसायच्या आणि क्वचितच बोलायच्या.

शकूताई पत्त्यांत लबाडी करायच्या, आणि ती लपवायची त्यांना काही गरज वाटत नसे. त्यांनी नाक खाजवलं म्हणजे हातात दहिला आहे, पदर सावरला म्हणजे हुकूम संपले. हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. पत्ते नंतर शिकवले. सूद आंटी हातातली पानं सतरंजीवर आपटायच्या. “शकुंतला! तू फिर नाक खुजा रही है!”

“नाक मेरी है. खुजली मेरी है,” शकूताई शांतपणे म्हणायच्या. “आपको क्या तकलीफ है?”

पकडलं गेल्यावर त्या इतक्या खूश व्हायच्या, की लबाडी त्या पकडलं जाण्यासाठीच करतात असं मला वाटायचं.

टाउनशिपमध्ये कोणाचा हुद्दा काय ते क्वार्टर बघूनच कळायचं. आमच्या ह्यांना बढती मिळाली आणि आम्ही मोठ्या क्वार्टरमध्ये गेलो, तेव्हा ओळखीच्या काही बायका मला एकदम ‘मॅडम’ म्हणायला लागल्या. शकूताईंचे यजमान टूलरूममध्ये फोरमन होते, म्हणजे आता ह्यांच्या हाताखाली आले. मला जायला संकोच वाटू लागला. दोनतीन दिवस मी गेलेच नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी शकूताई आमच्या नव्या घरी आल्या, दारातूनच म्हणाल्या, “काहून येऊन नाही राहिली? साहेबीण तू इथं. तिथं माझी भिडू आहेस. चल, सूद वाट पाहून राहिली.” मी हात धुतले आणि गेले.

त्यांचे यजमान माधवराव अगदी उलट. त्या घरातले सगळे शब्द शकूताईंच्या वाट्याला आले होते. ते सकाळी सायकलवरून खाली मान घालून जात आणि संध्याकाळी तसेच परत येत. शकूताई त्यांना ‘आमचे वझलवार’ म्हणत. “आमच्या वझलवारांना लोखंडाचं सगळं कळतं,” त्या सांगत. “माणसाचं मी बघते.”

रिटायर झाल्यावर वझलवारांनी टाउनशिपजवळच्या सोनागिरी वस्तीत छोटं घर घेतलं. पुढे आम्हीही तिथेच, दोन गल्ल्या सोडून घर केलं. शकूताईंचं मन नव्या वस्तीत लगेच रमलं. भाजीला निघाल्या की त्या प्रत्येक फाटकाशी थांबत. कोणाच्या लिंबाला फळ का धरत नाही, कोणाची सून पुन्हा नोकरीला लागली का, सगळी चौकशी. मंडईपर्यंतच्या दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना पाऊण तास लागे. वझलवार काकूंना गप्पांचं वेड आहे, असं सगळे हसून म्हणत.

एकदा मी त्यांच्याबरोबर होते. तीन फाटकं झाली. चौथ्या घराला कुलूप होतं, अंगणात पाला साचलेला. शकूताई तिथेही थांबल्या. फाटकाची सळई त्यांनी मुठीत धरली होती.

“यांची मधुमालती काय वाढली आहे बघ,” त्या म्हणाल्या.

तिथे मधुमालती नव्हतीच. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“ताई, पाय दुखतोय का?”

“पोटरीत गोळा येतो. उभं राहिलं की जातो. दोन वर्षं झाली असतील.”

“आणि कोणाला सांगितलं नाहीत?”

“लोक समजतात, बाई गप्पिष्ट आहे. लंगडी म्हणण्यापेक्षा बरं ना ते? चल.”

साखर त्यांना बरीच वर्षं होती आणि पानातला जर्दा भोपाळने शिकवला होता. मी त्याच दिवशी कुरियन आंटींना फोन केला. आंटी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिसरोदला लेकीकडे राहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, शकूताईंचा उजवा पाय मांडीवर घेतला, घोट्यापाशी आणि पावलावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधत राहिल्या. मग डावा पाय घेतला. काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला आम्ही इतकी वर्षं सरावलो होतो. त्या दिवशी मात्र मला भीती वाटली.

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या गुडघ्याखाली जवळजवळ बंद होत्या. एकदा फुग्याने नळी उघडून पाहिली. थोडे महिने बरे गेले आणि ती पुन्हा बुजली. मग चालताना येणारा गोळा बसल्याजागी यायला लागला. आडवं झालं की पायाची आग व्हायची, खाली सोडला की जरा कमी. म्हणून शकूताई खुर्चीतच झोपायच्या, पाय खाली सोडून, आणि तो पाय सुजत जायचा.

त्या सुजेत जोडवं रुतलं. इस्पितळातला मुलगा कटर घेऊन आला तेव्हा माधवराव मध्ये आले. त्यांना मी असं कोणाच्या मध्ये पडताना पहिल्यांदाच पाहिलं. “राहू द्या. मैं करूँगा,” इतकंच म्हणाले. घरी येऊन त्यांनी जुनी पेटी उघडली. केसासारखं बारीक पातं असलेली करवत काढली, जोडव्याखाली एक पत्र्याची पट्टी सरकवली आणि गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून चांदी कापली. कातडीला ओरखडा नाही.

“लग्नात घातलं तेव्हा एवढं सावकाश नव्हतं घातलं,” शकूताई म्हणाल्या.

माधवरावांनी कापलेलं जोडवं खिशात टाकलं आणि ते मागच्या अंगणात निघून गेले.

हिवाळ्यात बोटं काळी पडली. आधी करंगळी, मग एकेक करत जोडव्याच्या बोटापर्यंत, खारकेसारखी सुकलेली. टाचेला जखम झाली, ती मात्र ओली होती आणि भरायचं नाव घेईना. सर्जन म्हणाले, पाय मांडीतून काढावा लागेल. हृदयाची ताकद कमी आहे, टेबलवर काही होऊ शकतं. तसं काही झालं नाही तर या जखमेतून सुटका होईल. डाव्या पायाचंही खात्रीने सांगता येत नाही.

शकूताईंचा मुलगा नितीन कोलार रोडला राहायचा, मंडीदीपला नोकरी. रोज संध्याकाळी स्कूटरवरून शहराच्या या टोकाला यायचा. त्याचं ठरलं होतं: ऑपरेशन करायचं. शकूताई ‘नाही’ म्हणाल्या. त्यावर त्या घरात जे झालं ते मी सगळं सांगणार नाही. आवाज गल्लीत ऐकू जात होते.

“आई, तू समजत नाहीयेस. हे असंच सोडलं तर...”

“तर मरेन. समजलं आहे मला.”

“आणि आम्ही नुसतं बघत बसायचं? काहीच न करता?”

“तो डॉक्टर काय म्हणाला ते मी ऐकलं आहे, बाळा. पाय गेला तरी मी किती टिकेन ते तो सांगत नाही. उठेन की नाही तेही नाही. उरलेले दिवस पट्ट्या बांधून इस्पितळात नाही काढायचे मला. घरी राहते.”

नितीन उठून बाहेर गेला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला नाही. मी निघाले तेव्हा तो फाटकाबाहेर स्कूटरवर बसून होता, किल्ली हातातच.

पण घरी राहते म्हणणं सोपं होतं. दुखणं इतकं वाढलं, की त्या बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. आणि जखमेचा वास. तो घरात शिरल्याशिरल्या यायचा. उदबत्त्यांनी तर आणखी वाईट व्हायचा. सूद आंटी आता दाराजवळ खुर्ची घेऊन बसत आणि लवकर उठत. “घुटने दुखते हैं मेरे,” म्हणत. पुढे त्यांनी येणंच सोडलं. मीही रुमालावर अत्तर लावून जात होते. शकूताईंना ते कळत होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

कुरियन आंटींनी मग एका डॉक्टरीणबाईंना आणलं. डॉक्टर रश्मी. वयाने तरुण, सुती कुर्ता, पाठीला सॅक. बरं न होणाऱ्या आजारांतल्या माणसांना घरी जाऊन बघणं हे त्यांचं काम. आल्या आणि खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेल्या शकूताईंजवळ खालीच बसल्या. कागद मागितले नाहीत. म्हणाल्या, “अम्मा, सबसे ज़्यादा तकलीफ किस बात की है?”

माधवराव, नितीन, मी, आम्ही सगळ्यांनी मनात उत्तर देऊन टाकलं होतं.

“बदबू की,” शकूताई म्हणाल्या. “मेरी सूद नहीं आती अब.”

आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर रश्मींनी सॅक उघडली. मग म्हणाल्या, “तो पहले बदबू का इलाज करते हैं. फिर दर्द का.”

इलाज साधा होता. एका गोळीची बारीक पूड करून ती जखमेवर घालायची. पट्टी कधी बदलायची, कशी भिजवून काढायची म्हणजे ओढ बसत नाही, ते शिकवलं. वास शोषून घ्यायला खाटेखाली परातीत न पेटवलेले कोळसे ठेवायला सांगितले. काळी बोटं कोरडीच ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही. आपोआप सुटली तर सुटू द्यायची. दुखण्यासाठी मॉर्फिन. ते नाव ऐकताच माधवराव म्हणाले, “म्हणजे अफूच ना? तिला सवय लागेल.”

“अहो, बहात्तराव्या वर्षी लागली तर लागू द्या,” शकूताई म्हणाल्या. “पत्त्यांची गेली का इतक्या वर्षांत?”

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. आणि मग माधवरावांना नीट समजावलं, की दुखण्याच्या मापाने दिलेलं औषध व्यसन लावत नाही, पोट मात्र जड होतं, त्याचं वेगळं औषध चुकवायचं नाही.

नितीन इतका वेळ दाराला टेकून उभा होता. तो एकदम म्हणाला, “ये सब तो ठीक है. लेकिन आप लोग कुछ करते क्यों नहीं?”

“कर तो रहे हैं,” डॉक्टर म्हणाल्या. “आप भी कीजिए. पट्टी आप करेंगे. शाम को आते हैं ना?”

नितीनला लहानपणापासून रक्त बघवत नाही. पहिल्या संध्याकाळी त्याने अर्धी पट्टी सोडली आणि मोरीकडे धावला. परत आला तर शकूताई उशाशी पत्ते मांडून बसलेल्या. “हे बघ, माझ्या हातात हे आहेत,” त्या म्हणाल्या. “तू तुझं कर, मी माझं करते. तुझ्याकडे बघत नाही मी.” पंधरा दिवसांत त्याचा हात बसला. तो आईशी ज्या गोष्टी कधी बोलला नव्हता त्या पट्टी करताना बोलायला लागला. खाली बघत बोलायचं असल्याने त्याला सोपं जात असावं.

वास गेला. अगदी गेला असं नाही, पण खोली खोलीसारखी झाली. मी स्वतः सूद आंटींच्या घरी गेले. त्या आल्या, दारात थबकल्या, मग आत येऊन खाटेवरच बसल्या आणि शकूताईंचे दोन्ही हात धरून रडायला लागल्या. “माफ कर दे, शकुंतला.”

“माफ किया. पत्ते बाँट.”

कुरियन आंटी बुधवारी मिसरोदहून यायच्या, त्या दिवशी चौघी जमायचो. शकूताईंच्या हातातून पानं एकेक करून गळायची. नाक खाजवलं तर सूद आंटी खिडकीबाहेर बघायच्या. एकदा मात्र शकूताई चिडल्या. “तू देखती क्यों नहीं? मैं बेईमानी कर रही हूँ!” तेव्हा सूद आंटींनी पानं आपटली, नेहमीच्या आवाजात ओरडल्या, आणि शकूताईंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका संध्याकाळी मी तिथे असताना नितीन पट्टी बदलत होता. तो मध्येच थांबला. गॉजमध्ये काहीतरी होतं आणि तो त्याच्याकडे नुसता बघत होता.

“काय झालं रे?”

“काही नाही, आई.”

“पडलं ना? कोणतं?”

माधवराव पुढे झाले, त्यांनी बघितलं. अंगठ्याशेजारचं बोट होतं. जोडव्याचं.

“जाऊ दे. नखं काढायचं एक काम कमी झालं,” शकूताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यासाठी पिवळी पिशवी देऊन ठेवली होती. माधवरावांनी नितीनच्या हातून ते गॉज घेतलं, नीट घडी घातली, पिशवीत ठेवलं. गाठ मारण्याआधी दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला. मग पिशवी बाहेर ठेवून आले, हात धुतले आणि नितीनला म्हणाले, “पट्टी पुरी कर. उघडं राहिलं आहे.” नितीनने ती केली. त्यानंतर ऑपरेशनचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर पाऊसपाणी, गणपती, दिवाळी सगळं झालं. डॉक्टर म्हणाल्या होत्या त्यापेक्षा शकूताई बरेच जास्त दिवस राहिल्या. मॉर्फिनमुळे खुर्ची सुटली, खाटेवर पाठ टेकता आली. शेवटी हृदयानेच हात टेकले. संक्रांतीनंतर एका सकाळी, नितीन रात्री तिथेच राहिलेला असताना, चहा गाळेपर्यंत त्या गेल्या. पाय गेला नाही, पायासकटच गेल्या. लोक मला विचारतात, ऑपरेशन केलं असतं तर? मला माहीत नाही. नितीनही विचारतो कधीकधी. त्याला मी एवढंच म्हणते, की तुझ्या आईला तुझे हात ओळखीचे झाले होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या आठवड्यात. थंडी होती. मी संध्याकाळी गेले तर शकूताई माधवरावांना बाहेर हाकलत होत्या.

“जा, दोन चकरा मारून या. किती दिवसांत उंबरा ओलांडला नाही तुम्ही. ही बसली आहे ना माझ्याजवळ.”

“थंडी आहे.”

“मफलर घ्या. जा म्हणते ना.”

ते मफलर गुंडाळून निघाले. शकूताई खिडकीतून बघत होत्या. साखरेने डोळेही अधू झाले होते, लांबचं दिसत नव्हतं.

“वळले का कोपऱ्यावर?”

“वळले.”

“नक्की?”

“हो, ताई. दिसत नाहीत आता.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता मी जरा रडून घेते. तू काही बोलू नकोस. नुसती बस.”

आणि त्या रडल्या. तोंडात पदर धरून, लहान मुलीसारख्या, खांदे हलवत. तीस वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला तो त्यांनी धरू दिला. बाहेर अंधारत गेलं. बऱ्याच वेळाने त्या थांबल्या, ओला टॉवेल मागितला, तोंड पुसलं.

“लाल दिसतात का डोळे?”

“थोडे.”

“मग दिवा नको लावूस.”

फाटक वाजलं. माधवराव आत आले, दारात उभे राहिले. हातात पिशवी होती. हिरवा मटार आणला असावा.

“अंधारात का बसलात?”

“अहो, लाइट गेलेत,” शकूताई म्हणाल्या.

समोरच्या घरात ट्यूब लागलेली होती. तिचा उजेड आमच्या खिडकीत, अगदी खाटेच्या पायथ्यापर्यंत येत होता. माधवरावांनी मागे वळून त्या घराकडे पाहिलं. मग पुन्हा खाटेकडे.

“असं का,” ते म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, चाचपडत आल्यासारखे आले आणि शकूताईंशेजारी खाटेवर बसले. मी उठले, दार अलगद लोटून घेतलं आणि घरी निघाले.